तिसऱ्या रांगेतले उंदीर

तिच्या लिव्हरचं खरं काय ते ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी भिंगवाला खुशीत होता. खोलीतला पंखा दुरुस्त होऊन आला होता, चहा बरा झाला होता आणि ट्रेमधल्या स्लाइड एकामागून एक हातावेगळ्या होत होत्या.

त्याचं काम बघण्याचं. त्या प्रयोगशाळेत उंदरांना फवारणीचं विष थोडं थोडं पाजायचे, मग त्यांना मारून त्यांचे अवयव काढायचे, आणि त्या अवयवांच्या कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या काचेवर रंगवून त्याच्याकडे यायच्या. तो मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि सांगायचा, पेशी धड आहेत, सुजल्यात की मेल्यात. म्हणून सगळे त्याला भिंगवाला म्हणत. चकत्या कापायची त्याची बायको. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला तुकडा पात्याखाली सरकवायचा आणि न चुरगळता, न फाटता उचलायचा, हे काम तिथे दुसऱ्या कोणाला तिच्याइतकं साफ जमत नव्हतं. दुपारी हातातलं पातं ठेवलं की ती स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसायची. तो बोलायचा, ती लिहून घ्यायची. घरी तिचं चालायचं, इथे त्याचं.

काचेवर फक्त आकडा असायचा. कोणत्या उंदराला काय पाजलंय ते बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा नियम होता. माहीत असलं की डोळ्याला हवं तेच दिसायला लागतं, असं सर म्हणायचे. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. भिंगवाल्याला तो नियम सरांपेक्षा जास्त प्रिय होता.

"पुढची," तो म्हणाला.

तिने काच सरकवली. त्याने डोळा लावला आणि लगेच काढला.

"हे काय? हा उंदीर नाही."

"मग कोण आहे?"

"माणूस. सुई घालून काढलेला तुकडा दिसतोय. कुठल्या तरी दवाखान्याने सरांच्या गळ्यात मारलेला असणार. फुकट काम करून घ्यायचं असलं की बरे आठवतो आपण लोकांना."

"आलाय तर वाचा की."

"कापलाय मात्र झकास. हे आधी लिही."

"लिहिलं. पुढे बोला."

त्याने पुन्हा डोळा लावला. रंग असा सुरेख चढला होता की काही लपायला जागाच नव्हती. "अरे बापरे. याचा तर बाजार उठलाय. जिकडे तिकडे दोरखंड पसरलेत, मधे पेशींची नुसती बेटं उरलीत. लिव्हर आवळत चाललंय. आणि हे काही आजकालचं नाही, जुनं दुखणं आहे. पक्का बेवडा असणार. याच्या बायकोला म्हणावं, बाई गं, रडायचं ते आत्ताच हप्त्याहप्त्याने रडून घे, नंतर एकदम जड जाईल."

तो स्वतःच्याच विनोदाला हसला. तिचं पेन थांबलं होतं.

"दारू नाही पीत," ती म्हणाली.

"कोण?"

"मी."

त्याने मान वर केली नाही. डोळा तसाच भिंगाला लावून तो बसून राहिला. डोळा काढला तर तिच्याकडे बघावं लागणार होतं. खाली तेच दोरखंड होते, तीच बेटं होती. मघाशी ती नुसती दिसत होती.

"बहिणीकडे जाते म्हणून गेले होते ना, तेव्हा दवाखान्यात होते," ती सांगत होती. "एक वर्षापासून थकवा यायचा, म्हटलं वयाचा असेल. डॉक्टरीणबाईंकडून अर्धा तुकडा मागून आणला. म्हटलं, आपल्या हाताने कापू. तिकडचे लोक फाडून ठेवतात."

"मला सांगायचं नाहीस?"

"नाव बघितलं असतंत तर हातचं राखून बोलला असता. म्हणून नुसता आकडा टाकला."

"आणि मी वर बेवडा म्हणालो तुला."

"ते काही नाही. रडायचं हप्त्याने ठेवलंत ते बरं केलंत." ती थोडं हसली. "पुढची बघा. ट्रे संपवायचाय."

त्याने पुढची काच बघितली. काय सांगितलं ते त्याला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तिने ती पुढची काच काही न बोलता पुन्हा ट्रेमध्ये ठेवलेली होती.

डॉक्टरीणबाई दवाखान्यात दोघांना समोर बसवून बोलल्या. दुखणं जुनं आहे पण सावकाश चालणारं आहे. मीठ कमी, दगदग कमी, वेळच्या वेळी तपासणी. कुठला पाला, काढा, पूड, काही म्हणजे काही पोटात जाता कामा नये. एवढं सांभाळलं तर बरीच वर्षं निघतील. भिंगवाल्याने बरीच म्हणजे किती हे विचारलं, तेव्हा बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होत्या, तुम्हीच तर बघितलंय.

बाहेर जिन्यात त्याची बायको म्हणाली, "बाई हुशार आहेत. पण त्यांनी आयुष्यात लिव्हरं कापलीत किती? मी गाडाभर कापलीत."

तो हसला. तिथे हसायला नको होतं, हे त्याला फार उशिरा कळलं.

आता तिच्या धाकट्या भावाचं सांगायला हवं. तो त्याच प्रयोगशाळेत पिंजरे सांभाळायचा. उंदरांना दाणापाणी, पिंजऱ्यांची धुलाई, वजनं, आणि रोज सकाळी नळीने ज्याचं त्याला ज्याचं त्याचं पाजणं, हे सगळं त्याच्याकडे. म्हणून त्याला सगळे मामा म्हणायचे, उंदीरमामातला मामा. सरांसकट सगळे म्हणायचे. तिथे लागण्याआधी तो एका गोदामात पोती मोजायचा. उंदीर हातात कसा धरायचा ते त्याला ताईनेच शिकवलं होतं आणि नोकरीही तिनेच लावली होती. जीव लावायचा उंदरांना. एखादा खाईनासा झाला की मामाचंही जेवण जायचं नाही.

या वेळचा प्रयोग असा होता. उंदरांच्या पिंजऱ्यांच्या तीन रांगा. पहिल्या रांगेला नुसतं पाणी. दुसऱ्या रांगेला फवारणीचं विष. तिसऱ्या रांगेला तेच विष आणि वर एका पाल्याचा अर्क. लोक तो पाला लिव्हरसाठी उकळून घेतात, त्यात खरंच काही गुण आहे का ते बघायचं होतं. पाला मामा स्वतः सकाळी मागच्या खोलीत उकळायचा, गाळायचा, बाटलीत भरायचा. म्हणजे कोणत्या उंदराच्या पोटात काय गेलंय हे मामाला माहीत, आणि त्या पोटात काय झालंय हे भिंगवाल्याला माहीत. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की प्रयोगाचा निकाल. पण त्या शेवटच्या काचेनंतरच एकत्र यायच्या, आधी नाही.

आधीचा एक मोठा प्रयोग बाहेरच्या तपासनिसांनी धुडकावून लावला होता. पाजणारा आणि बघणारा रोज एका टेबलावर चहा पितात, मग याच्यात राम काय, असं ते म्हणाले होते. तेव्हापासून सरांनी ठरवलं की बघणं संपेपर्यंत त्या दोघांनी एका टेबलावर बसायचं नाही, आणि पिंजऱ्याचा विषय निघाला की ज्याने काढला त्याने उठून जायचं. दर काही दिवसांनी प्रत्येक रांगेतले थोडे उंदीर कापायचे, तेव्हा मामाने दारापर्यंत पिंजरा आणायचा आणि परत फिरायचं. ज्याने भरवलं त्याने आत यायचं नाही. पोट सर स्वतः उघडायचे, हाताखाली एक मुलगी असायची. अवयव बाटलीत टाकून, आकडा चिकटवून मग कापणारीकडे.

नियम प्रयोगशाळेचा होता, पण भिंगवाल्याने तो घरी आणला. मामा शेजारच्याच गल्लीत एकटा राहायचा आणि जेवायला बहिणीकडे असायचा. प्रयोग सुरू झाला की भिंगवाला बाहेरच्या खोलीत ताट घेऊन बसायचा आणि मामा आत स्वयंपाकघरात. बायको मधल्या दारात उभी राहून दोघांना वाढायची.

"दाजी, आमटीत मीठ नाही," आतून आवाज यायचा.

"हे पिंजऱ्याचं आहे की घरचं?" बाहेरून.

"घरचं आहे, दाजी."

"मग बोल. डॉक्टरीणबाईंनी बंद केलंय."

"तुम्हाला नाही ना केलं? मग तुम्ही का गप गिळताय?"

"तुझ्या बहिणीला सोबत म्हणून."

"वा! उद्या ती पाण्यात पडली तर तिथेही सोबत जाल."

ती मधे उभी राहून दोघांना शिव्या द्यायची. घर हसतं होतं. घरात आजार आहे असं कोणी पाहुणा आला असता तर त्याला वाटलं नसतं.

पुढे जे झालं ते भिंगवाल्याला नंतर कळलं, पण सांगताना त्याच्या जागी सांगितलेलं बरं.

मामाची कामाची पारख वजनावर व्हायची. उंदीर रोडावला की सरांची बोलणी, वजन भरलं की शाबासकी. दुसऱ्या रांगेतले, नुसतं विष पिणारे, हाडकले होते, केस झडत होते, पिंजऱ्यात एकमेकांना चावत होते. तिसऱ्या रांगेतले मात्र भरले. वजनकाट्यावर दर वेळी थोडा वर. पोटं गोल झाली, चावाचावी थांबली, दिवसभर शांत पडून असायचे. मामा बघत राहायचा. तेच विष, तोच दाणा, तेच हात. फरक एका पाल्याचा.

एके दिवशी स्वयंपाकघरात त्याने ताईला हळूच सांगितलं. तिने आधी त्याला दटावलं. पिंजऱ्याचं बोलायचं नाही म्हणून. मग भांडं घासता घासता विचारलं, "खरंच भरलेत?"

"गुबगुबीत झालेत, ताई. लोळतात नुसते. तू बघितलंस तर म्हणशील यांना विष कधी दिलंच नाही."

"त्यांना कळता कामा नये."

"दाजींना? दाजींना सांगायला मी काय वेडा आहे?"

दुसऱ्या दिवसापासून मामा डब्यातून अर्क आणायला लागला. भिंगवाला आंघोळीला गेला की ती तो पिऊन डबा धुऊन टाकायची. कडूजहर असायचा, असं मामा नंतर म्हणाला. तोंड वाकडं न करता प्यायची.

तिला खात्री कशी पटत गेली ते सगळ्यात वाईट आहे. दुपारी ती भिंगवाल्याशेजारी बसून लिहायची, आणि अधूनमधून एक अशी काच यायची की तो शिव्या घालायचा. "हे बघ. मधल्या शिरा बुजल्यात. रक्त तुंबलंय. आजूबाजूच्या पेशी मरून पडल्यात, मोकळा चिखल झालाय. अशी घाण मी आजवर बघितली नाही." तिच्याकडे न बघता तो सांगायचा, आणि तिला वाटायचं, हे दुसऱ्या रांगेतले. नुसत्या विषाचे. बरं झालं, आपण पाला घेतोय. मधूनच एखादी स्वच्छ काच आली की तो म्हणायचा, "हा राजा आहे. याला काही झालेलं नाही." तिला वाटायचं, हा आपल्या पाल्याचा. ती काच पहिल्या रांगेतली, साध्या पाण्याची होती.

एकदा त्याने एक अगदी भयंकर काच वाचली आणि बघितलं तर ती लिहिता लिहिता गालात हसत होती.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. तुम्ही रागावलात की तुमचं नाक हलतं."

हिवाळा सरता सरता तिचे पाय सुजले. मग पोट दिसायला लागलं. डॉक्टरीणबाईंना ते पटेना. एवढ्या लवकर व्हायला नको होतं, त्या म्हणाल्या. पोटातलं पाणी सुईने काढलं, बादलीच्या तळाला पिवळट पाणी साचलेलं भिंगवाल्याने बघितलं.

"घरात काही औषध चालू आहे का? कोणाच्या सांगण्यावरून?"

"नाही," ती म्हणाली.

"खरं सांगा, मी रागवणार नाही."

"नाही हो बाई. यांच्या समोर खाते तेवढंच." आणि तिने नवऱ्याकडे बोट केलं. भिंगवाल्याने मान डोलावली. बायकोच्या बाजूने दिलेली ती त्याची साक्ष.

ती खोटं का बोलली हे उघड आहे. प्रयोगाचा अर्क घरी नेला हे बाहेर आलं असतं तर मामाची नोकरी त्याच दिवशी गेली असती. आणि तिला वाटत होतं, थोडेच दिवस राहिलेत. प्रयोग संपला, निकाल उघडला, की नवरा आपल्या डोळ्यांनी बघेल की पाला खरा आहे. मग चोरून प्यायला नको. म्हणून ती सुजलेल्या पायांनी कामावर यायची आणि पात्याशी बसायची. उरलेले ठोकळे संपवण्याची तिला अशी घाई झाली होती की सर म्हणाले, "वहिनी, घरी जा, आराम करा," तर म्हणाली, "घरी कोण आहे माझं? माझे सगळे तुमच्या बाटल्यांत आहेत."

घरी नवऱ्याला म्हणायची, "लवकर संपवा ना. मग मला तुमच्याशी बोलायचंय."

"आत्ता बोल की."

"आत्ता नाही. संपू दे."

त्याला वाटलं, निरवानिरवीचं काही असेल. त्याने ते बोलणं जितकं लांबवता येईल तितकं लांबवलं. एरवी एकदा बघायची काच तो दोनदा बघायला लागला. बायको घाई करत होती आणि नवरा चेंगटपणा, आणि दोघं ते एकमेकांसाठीच करत होते.

एका संध्याकाळी मामा जेवण आटोपून मधल्या दारात येऊन उभा राहिला. बायको आत झोपली होती. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"दाजी, एक सांगायचं होतं."

"बोल."

"ताईचं पोट... मी म्हणत होतो... आमच्याकडे त्या तिसऱ्या..."

"थांब." भिंगवाल्याने हातातला घास ताटात ठेवला. "पिंजऱ्याचं आहे का?"

"पिंजऱ्याचं आहे आणि घरचंही आहे."

"पिंजऱ्याचं असेल तर दार तिकडे आहे."

"दाजी, तुम्ही ऐका तर खरं."

"तुला नोकरी कोणी लावली? तुझ्या बहिणीने. तिने मरणाच्या दारात बसून कापलेलं काम तुझ्या एका वाक्याने कचऱ्यात जाईल. गोदामात पोती मोजायचास ना? तेवढीच अक्कल आहे तुझी. नीघ."

मामा निघाला. चपला पायात अडकवायलाही थांबला नाही, हातात घेऊन गेला. भिंगवाल्याने उरलेलं जेवण संपवलं. नियम पाळल्याचं समाधानही त्याला वाटलं.

शेवटच्या ट्रेच्या वेळी ती यायच्या स्थितीत नव्हती. ठोकळे तिने कापून ठेवले होते. चकत्या रंगवल्या सरांच्या हाताखालच्या मुलीने, लिहूनही तिनेच घेतलं. सगळ्या काचा संपल्या तेव्हा सरांनी नेहमीप्रमाणे भिंगवाल्याला आणि मामाला आपल्या खोलीत बोलावलं, एका टेबलावर बसवलं आणि चहा मागवला. तो तिथला रिवाज होता. पाजणाऱ्याने सांगायचं आणि बघणाऱ्याने सांगायचं, आणि सर मधे बसून जुळवायचे.

पहिली रांग जुळली. दुसरीही जुळली. विषाने जेवढं व्हायचं तेवढं झालं होतं, सूज होती, थोड्या पेशी मेल्या होत्या.

"आता तिसरी," सर म्हणाले. "मामा, तुझे लाडके."

"हो सर." मामा दाजींकडे बघून बोलला, त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच. "विष अधिक पाला. ते सगळ्यात छान राहिले. वजन शेवटपर्यंत वाढतं. मधे एकदा मला शंका आली होती, पण काटा काही खाली आला नाही. मी सरांना सांगत नव्हतो, पण मनात म्हणायचो, हे जिंकणार."

सरांनी आकडे वाचले. भिंगवाल्याने ऐकले आणि त्याला वाटलं की सर चुकले.

"हे? हे नाही होऊ शकत. हे सगळ्यात वाईट आहेत. हेच ते, शिरा बुजलेले."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "पोट उघडलं की यांच्याच पोटातून पाणी यायचं. मी तेव्हाच ओळखलं होतं. बोलायचं नव्हतं म्हणून गप्प राहिलो. आजारी लिव्हरवर हा पाला म्हणजे..." ते पुढे बोलले नाहीत, कारण मामाचा कप टेबलावर आडवा झाला होता.

"पाणी?" मामा म्हणाला. "ती चरबी नव्हती?"

"कसली चरबी? पाण्याने फुगले होते बिचारे. म्हणून तर पडून असायचे."

मामा उठला आणि परत बसला. मग त्याने ते सांगितलं. सलग नाही सांगता आलं. डबा, आंघोळीची वेळ, कडू, ताईची शपथ, असं तुकड्यातुकड्याने. सर खिडकी लावायला उठले.

भिंगवाल्याने एकच विचारलं. "किती पाजलंस?"

"रोज एक कप."

"उंदराला थेंब मोजून पाजतोस. बहिणीला कपाने?"

मामा रडत होता. रडता रडताच म्हणाला, "मी सांगायला आलो होतो, दाजी. पोट बघून मला शंका आली होती. तुम्ही मला दार दाखवलंत."

सर खिडकीपाशीच उभे राहून म्हणाले, "हे या खोलीबाहेर जायला नको. तुमच्याही भल्याचं नाही आणि आमच्याही." मग त्यांनी सांडलेला चहा पुसायला माणूस बोलावला.

ती दवाखान्यात होती. भिंगवाला गेला तेव्हा जागी होती. तोंड बारीक झालं होतं, डोळे पिवळे, आणि पांघरुणाखाली पोट तेवढं मोठं.

"उघडलं?" तिने विचारलं.

"हो."

"मग?"

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. छान आहे पाला, म्हणायचं. ती हसली असती, हरले म्हणा, म्हणाली असती, आणि तशीच गेली असती. त्याने तोंड उघडलं, आणि त्याला काचेवरचा तो नुसता आकडा आठवला. हातचं राखून बोलू नये म्हणून तिने लावलेला.

"तिसरी रांग सगळ्यात वाईट," तो म्हणाला. "शिरा बुजलेल्या सगळ्या तिसऱ्या रांगेतल्या. वजन वाढत होतं ते पाणी."

तिने नजर छताकडे वळवली. तो तिचं हसणं आठवत होता, दुपारी लिहिताना गालातल्या गालात हसलेलं. तीही बहुतेक तेच आठवत असावी.

"म्हणजे मी उलटं वाचत होते," ती म्हणाली.

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही ऐकलं असतंत?"

त्याने पांघरुणाची दुमडलेली कड सरळ केली.

"त्याला कळलं?"

"रडत बसलाय."

"त्याला काही बोलू नका."

"बोललो."

"अजून बोलू नका मग." तिने श्वास घेतला. "हे बघा. माझं लिव्हर आधीच गेलेलं होतं, ते तुम्ही स्वतः वाचलंय. त्यानेच जाणार असेन मी, पाल्याने नाही. किंवा पाल्याने. ते आत्ता कोणाला सांगता येणार नाही. मी गेले की तुकडा काढायला सांगितलंय डॉक्टरीणबाईंना. शिरा बुजल्या असतील तर पाला. उघड्या असतील तर नाही. तुम्ही वाचा. आणि जे असेल ते त्याला सांगा. नाहीतर तो आयुष्यभर स्वतःला खात बसेल."

"आणि बुजलेल्या असल्या तर?"

"तरी सांगा. कळलेलं बरं असतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "कापायला मी नसेन. पातं नीट लावायला सांगा. नवीन पोरी घाई करतात."

त्याने हो म्हटलं. त्यानंतर ती शुद्धीवर फारशी राहिली नाही. तापाने फणफणलेल्या माणसासारखं बडबडायची, आकडे सांगायची, एकदा तर त्याला मामाच समजून म्हणाली, "डबा धुवून ठेवलाय रे." ती सकाळी गेली, चहाच्या वेळेला.

डॉक्टरीणबाईंनी शब्द पाळला. बाटली त्यांनी त्याच्या हातात दिली, वर चिठ्ठी नव्हती, नावही नव्हतं. त्याने ती प्रयोगशाळेत नेऊन आपल्या कपाटात ठेवली.

मामा दुसऱ्या महिन्यापासून विचारायला लागला. पिंजरे धुऊन झाले की दारात येऊन उभा राहतो. आत येत नाही. आता त्याला कोणी अडवत नाही, तरी येत नाही.

"दाजी, बघितलं का?"

"नाही."

"कापणारी नवीन बाई चांगली आहे म्हणे."

"आहे."

"मग?"

"काम आहे पुढ्यात."

"एकदा काय ते कळलं असतं, दाजी. नुसतं हो की नाही तेवढंच. माझा जीव जातोय रोज."

"जाऊ दे," भिंगवाला म्हणतो.

मामा वाळलाय. त्याचे कपडे त्याच्या अंगावर नाहीत, अंगाला अडकवलेत असं वाटतं. सर त्याच्याशी चांगलं वागतात, कारण त्याने तोंड उघडलेलं त्यांना चालणार नाही. पाल्याचा तो प्रयोग छापून आला. त्यात उंदरांचं सगळं आहे. तिचं काही नाही.

भिंगवाल्याला ठाऊक आहे की शिरा उघड्या निघाल्या तर मामा सुटेल. त्या बुजलेल्या निघाल्या तर त्या संध्याकाळी ताटावरून बोट दाखवून ज्याने दार दाखवलं तो सुटणार नाही. कधी त्याला वाटतं, आपण मामाला शिक्षा करतोय. कधी वाटतं, शिक्षा त्याला नाही. काहीही असो, कपाटाची किल्ली त्याच्याकडे आहे आणि बाकी सगळ्यांना थांबावं लागतं. तिलाही तो हो म्हणाला होता.

तुकडा अजून बाटलीतल्या फॉर्मॅलिनमध्येच आहे. मेणात बसवायचा, कापायचा, रंगवायचा आणि वाचायचा राहिला आहे.